थोरलीच्या जागी

४ फेब्रुवारी, बुधवार

थोरली गेली. दाढीवाल्याने आज फोनवर सांगून टाकलं, आता येणार नाही, वाट बघू नका.

दाढीवाला म्हणजे आमचा फिल्मवाला. दाढी त्याने कधीच काढली, नाव तेवढं चिकटून राहिलं. आणि थोरली म्हणजे माझी काळी-पांढरी फिल्म. मोठ्या लाकडी कॅमेऱ्यात एकेक पान सरकवून वापरायची. अगदी संथ, समोरच्याला श्वास रोखून बसवणारी. त्याच कंपनीची छोट्या कॅमेऱ्याची फिल्म निघाली तेव्हा आमच्या हिने तिला धाकटी म्हणायला सुरुवात केली आणि ही आपोआप थोरली झाली. धाकटी केव्हाच बंद पडली. थोरली माझ्या आधी जाईल असं वाटलं नव्हतं.

"कारखान्यातलं यंत्रच मोडीत काढलं म्हणे," दाढीवाला म्हणाला.

"असं कसं मोडीत काढलं?" मी ओरडलो. जसं काही त्यांनी मला विचारूनच काढायला हवं होतं.

आता संगीतशाळेच्या भिंतीचं काय करू? शाळेच्या लांब बोळात निवृत्त शिक्षकांचे फोटो लागलेत, सगळे माझे, सगळे थोरलीवरचे. पाच जणांचे राहिलेत आणि नव्या सभागृहाचं उद्घाटन एप्रिलच्या शेवटी आहे. शाळेच्या मोठ्या बाईंनी बजावलंय, "सगळी भिंत एका हातची दिसली पाहिजे हं." हात एकच आहे हो बाई, फिल्म संपली त्याला मी काय करू? या भिंतीनंतर स्टुडिओ आवरता घ्यायचा असं ठरवलंय. शेवटचं काम वेडंवाकडं झालेलं मला चालणार नाही.

जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग दुसरी बघा."

"दुसरी कुठून आणू?"

"फिल्म म्हणतेय मी. बायको बघायचं वय गेलं तुमचं."

७ फेब्रुवारी, शनिवार

दाढीवाल्याने पहिलं स्थळ पाठवलं. फिल्मच्या नोंदी राहाव्यात म्हणून हे लिहायला घेतलंय, पण लिहिताना घर मध्ये येतंच. येऊ दे.

माझी पद्धत एकदा लिहून ठेवतो. नवीन काहीही आलं, फिल्म असो, भिंग असो, धुवायचं रसायन असो, त्याची पहिली परीक्षा हिच्यावर. माडीवरची उत्तरेची खिडकी, तिच्याशेजारी बिनहातांची खुर्ची, मागे राखी पडदा, अंगात तोच जुना स्वेटर, डावा हात मांडीवर, मनगटावर घड्याळ. असा हिचा थोरलीवरचा फोटो अंधारखोलीच्या दारामागे टाचलाय. तो माझा मूळ फोटो. थोरलीचे शेवटचे डबे आले तेव्हा, म्हणजे तीनेक वर्षांपूर्वी काढलेला. नव्या फिल्मवरचा फोटो त्याच्याशेजारी धरायचा आणि खोट कुठे आहे ते बघायचं. बाकीचे फोटोवाले त्यासाठी रंगाच्या पट्ट्या वापरतात. मला पट्ट्या घेऊन काय करायचंय? हा चेहरा मला पाठ आहे.

गुडघ्याची गोळी घेऊन ही जिना चढली. मध्येच थांबून म्हणाली, "जिना वाढवलाय का हो तुम्ही?" मी म्हटलं पायऱ्या आहेत तेवढ्याच आहेत, तूच आळशी झालीस. गोळी मात्र चांगली लागू पडलीय. औषधाच्या दुकानदाराने दिली होती, आता सकाळ-संध्याकाळ घेते, कधी दुपारीसुद्धा.

फिल्म धुतली. नापास! चेहऱ्यावर नुसता कडकपणा. गालांची हाडं वर, डोळ्यांखाली खड्डे. थोरली सावलीतही काहीतरी शिल्लक ठेवायची, ही मेली सगळं ओरबाडून घेते.

११ फेब्रुवारी, बुधवार

रसायन पातळ करून पुन्हा धुतलं. कडकपणा गेला, खड्डे गेले नाहीत. या फिल्मला गालफडं बसवायची खोडच दिसते.

हिने फोटो हातात घेऊन नीट बघितला. "अहो, दिसत असेन मी अशी."

"काहीतरीच काय? तू कशी दिसतेस ते मला माहीत नाही?"

"नाचता येईना अंगण वाकडं," असं म्हणून ही फ्रीजकडे वळली.

फ्रीजचं एक वेगळंच दुखणं झालंय. फिल्म थंडीत टिकते म्हणून बर्फाच्या कप्प्यातली एक बाजू पहिल्यापासून माझी. हल्ली तिथे बर्फाचे ट्रेच्या ट्रे भरलेले असतात आणि माझे डबे कोपऱ्यात चेपलेले. ही दिवसभर कुडूमकुडूम बर्फ चघळत असते. बाहेर थंडी, अंगावर शाल, आणि तोंडात बर्फ! मी म्हटलं दात पडतील. म्हणाली, "पडू देत, तुमच्या फिल्मला दात दिसत नाहीत."

१५ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. ती लांबच्या शहरात नोकरी करते, रविवारी हमखास बोलते. मी फिल्मची सगळी रड तिला ऐकवली. ती म्हणाली, "बाबा, ते फोटो मोबाइलवर पाठवा ना, मी पण बघते."

शेजारी बसून ही मानेने नको नको करत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "खरंच पाठवू नका हं. उगाच काळजी करेल."

"फिल्मची काळजी ती कशाला करेल?"

यावर ही नुसती हसली. पण मलाही ते पटलं. इतके वाईट फोटो आपल्या नावावर कशाला फिरवायचे? नाही पाठवले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरं स्थळ आलं. हे घराणं चांगलं आहे. सावल्या मऊ, कण बारीक, मी जवळजवळ हो म्हणणार होतो. मग ओठ बघितले. ओठ कुणी ओल्या फडक्याने पुसून टाकावेत तसे आलेत. गाल आणि ओठ एका रंगाचे.

कारण लगेच सापडलं म्हणून बरं वाटलं. ही फिल्म लाल रंगाला भुलते. लाल वस्तू तिला उजळ दिसते, मग लाल ओठ फिके येणारच. थोरली लालाच्या बाबतीत अर्धी आंधळी होती, त्यामुळे ओठ गडद यायचे आणि चेहऱ्याला जीव यायचा. आता भिंगापुढे हिरवी काच लावायची, लाल अडवायचा, की काम फत्ते.

या फोटोत हिचं घड्याळ पार तळहाताशी घसरलंय. मूळ फोटोत ते मनगटाच्या हाडावर बसलेलं आहे. मी म्हटलं, पट्टा आवळ जरा. म्हणाली, शेवटच्या भोकात आहे. चामडं वापरून वापरून ताणतंच. नवा पट्टा आणायला हवा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझं चुकलं.

हिरव्या काचेने उजेड खाल्ला, त्यामुळे हिला बराच वेळ स्थिर बसवावं लागलं. ही हलली. पान फुकट गेलं. दुसरं लावलं, पुन्हा हलली. माझं डोकं फिरलं. "पूर्वी कशी दगडासारखी बसायचीस!" म्हणालो.

"हो, बसायचे," ही म्हणाली. एवढंच.

तिसऱ्या पानाला नीट बसली. उठताना मात्र मागचा पडदा धरला आणि दांडीसकट पडदा खाली. चक्कर आली म्हणाली, सकाळी धड खाल्लं नव्हतं. आणि मी काय केलं? स्टूल आणून आधी पडदा लावला. मग वाईट वाटून खाली गेलो, चहा केला, दोन बिस्किटं जास्त ठेवली. ती म्हणाली, "आज फारच लाड चाललेत, काय फोडलंत?"

फिल्म धुतली. ओठ अजून फिकेच आहेत. हिरवी काच जुनी झाली असणार.

१ मार्च, रविवार

मोठ्या बाईंचा फोन येऊन गेला. काम सुरू झालं का? झालं म्हटलं. खोटं बोललो असंही नाही, काम सुरूच आहे, फक्त संपत नाहीये.

मग दाढीवाल्याला फोन करून भरपूर ऐकवलं. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "काका, एक्स-रेची फिल्म वापरून बघता का?" त्याचा मेहुणा दवाखान्यांना माल पुरवतो. आता दवाखान्यांत सगळं पडद्यावरच बघतात, त्यामुळे फिल्मचे डबे नुसते पडून आहेत. पानं मोठी असतात, कापून घ्यायची. आणि लाल रंग तिला अजिबात दिसत नाही. म्हणजे थोरली अर्धी आंधळी होती, ही पूर्ण.

"हाडांची फिल्म चेहऱ्याला?" मी म्हटलं.

"दगडापेक्षा वीट मऊ, काका."

हिला सांगितलं तर ही म्हणाली, "बघा हं, आतलं सगळं दिसेल." आणि बर्फाचा खडा तोंडात टाकला.

५ मार्च, गुरुवार

डबा आला. ही फिल्म मोठी नाजूक आहे. हिच्या दोन्ही बाजूंना थर असतो, नुसतं नख लागलं तरी ओरखडा. म्हणून धुवायच्या ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवली, नखं कापली. ही म्हणाली, "सांगून सांगून थकले तेव्हा नाही कापलीत."

या फिल्मचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे लाल दिव्याखाली उघड्यावर धुता येते. जिला लाल दिसतच नाही तिचं लाल दिव्याने काय बिघडणार? इतकी वर्षं मी थोरलीला गुडुप अंधारात, मनात आकडे मोजत धुतलं. आता चित्र समोर उमटताना बघता येईल.

हिला लगेच बसवलं नाही, दमलेली दिसत होती. खिडकीतल्या कुंडीचा फोटो काढला. लाल फुलं अगदी कोळशासारखी काळी आली. वा! जशी हवी तशी. आता ओठ कुठे जातात बघतोच.

८ मार्च, रविवार

आज जे झालं ते मला कळत नाही.

सकाळी हिला बसवलं. जिन्यात दोनदा थांबली, पण बसली छान. हललीसुद्धा नाही. मी फिल्म घेऊन अंधारखोलीत गेलो, लाल दिवा लावला, पान रसायनाच्या पाण्यात सोडलं.

फिल्मवर सगळं उलटं असतं. जे उजळ ते काळं, जे गडद ते कोरं. आधी स्वेटरची कडा आली, मग कपाळ भरलं, गाल भरले. ओठांची जागा कोरी राहायला हवी होती. मी वाकून बघत होतो. ती भरत गेली. गालांच्या मागोमाग, त्याच रंगाची.

असं कसं? लाल फुलं काळी येतात आणि ओठ नाही? पाणी बदललं, दुसरं पान धुतलं, तेच. या डब्यातली पानं शिळी असावीत असं वाटून दाढीवाल्याला फोन केला. तो शपथेवर सांगतो, माल ताजा आहे. रागाच्या भरात फोन आपटला आणि मग वाईट वाटलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

आता माझाच अंदाज चुकायला लागला असेल. वय झालं. ही म्हणते, "राहू द्या हो, दुधाची तहान ताकावर भागवा आणि ती भिंत उरकून टाका." मला वाटलं ही माझ्यासाठी म्हणतेय. पण आवाज इतका थकलेला होता की मी पुढे वाद घातला नाही.

१० मार्च, मंगळवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी व्हायोलिनच्या बाई आल्या. भिंतीवरच्या राहिलेल्या पाचांतल्या या पहिल्या. हिच्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या, तोंड सुरकुत्यांनी भरलेलं, जीभ तिखट. हातात वाद्याची पेटी घेऊन जिना न थांबता चढल्या. वर येऊन म्हणाल्या, "पंखा नाहीये का इथे?"

नमुन्यादाखल म्हणून एक फोटो काढला. तीच खिडकी, तीच खुर्ची, त्याच डब्यातलं पान. त्यांना बसायला सांगून मी आत गेलो आणि लाल दिव्याखाली धुतलं. कपाळ भरलं. गाल भरले. ओठांची जागा कोरी राहिली. शेवटपर्यंत कोरी, स्वच्छ, धारदार.

बाहेर येऊन मी वेड्यासारखं विचारलं, "बाई, ओठांना काही लावलंय का?"

"या वयात?" त्या म्हणाल्या. "तुम्ही आपले फोटो काढा."

त्या गेल्यावर दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारीशेजारी ठेवल्या. बाईंची आणि हिची. फिल्म तीच, पाणी तेच, उजेड तोच. मग फरक कशाचा? हा प्रश्न मी स्वतःला मोठ्याने विचारला आणि उत्तर ऐकू आल्यासारखा खुर्चीत बसलो. फिल्मला लाल दिसत नाही. लाल असतं तर ते गडद आलंच असतं. म्हणजे तिथे लाल नव्हतंच.

मी मोजायच्या पट्टीवर कधी शंका घेतली नाही. पट्टी आखडत गेली आणि मी कापडाला शिव्या घालत बसलो.

गेले सगळे नमुने काढले, तारखांप्रमाणे टेबलावर मांडले. पहिल्या फिल्मने गालफडं बसवली नव्हती. दुसरीने ओठ पुसले नव्हते. हिरव्या काचेत काही खोट नव्हती. पट्टा ताणला नव्हता. तीन-तीन फिल्म एकच गोष्ट सांगत होत्या आणि मी एकेकीला नापास करत होतो. मला भयंकर भीती वाटली.

खाली गेलो. ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडत होती, शेजारी बर्फाची वाटी. मी तिला हाताला धरून खिडकीशी नेलं.

"अहो, भाजी सांडली ना! काय झालंय काय तुम्हाला?"

"जीभ दाखव."

"डॉक्टर झालात का?"

"दाखव म्हणतो ना."

तिने दाखवली. कागदासारखी. ओठ कागदासारखे. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी हळूच ओढली, आत गुलाबी काहीच नाही. या चेहऱ्याकडे मी गेला महिनाभर भिंग लावून बघत होतो, पण कागदावर. समोर बसलेल्या बाईकडे मी नुसतं "हलू नकोस" म्हणण्यापुरतं बघत होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती आधी काही नाही, काही नाही करत राहिली. मग स्टुलावर बसली. म्हणाली, थंडी सुरू झाली तेव्हापासून दम लागतो. कानात धडधड ऐकू येते. आणि पोटातही काहीतरी आहे, शौचाला काळं होतं. "म्हटलं तुमची भिंत होऊ दे. शेवटचं काम आहे. एकदा फोटो लागले की जाऊ दवाखान्यात."

"आणि तोवर माडी चढून बसत होतीस माझ्यासमोर?"

"तुम्हाला दुसरं कोण आहे बसायला?" ती म्हणाली.

मी तिच्यावर खूप ओरडलो. इतका की शेजारची शिंपीण डोकावून गेली. ओरडता ओरडता रडलो, ते शिंपिणीने बघितलं की नाही माहीत नाही, बघितलं तर बघू दे. मग हिचा स्वेटर घेतला, चपला तिच्या पायाशी ठेवल्या आणि तशीच दवाखान्यात नेली.

११ मार्च, बुधवार

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आमच्या लेकीच्या वयाच्या. रक्त असायला हवं त्याच्या निम्मंही नाही म्हणाल्या. तोंडातून नळी घालून पोटात बघितलं. पोटात जखम आहे, तिच्यातून थोडं थोडं रक्त जातंय. वाईट गाठ नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, "आजी, गुडघ्यासाठी कुठली गोळी घेता?"

हिने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. त्यांनी ते बघितलं आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं. कुणालाही न विचारता महिनोन् महिने घेतलेल्या त्या गोळीने ही जखम केली. आणि मी लिहून ठेवलंय की गोळी चांगली लागू पडली.

बर्फाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. रक्त फार कमी झालं की काहींना असं होतं म्हणे.

बाहेर मला म्हणाल्या, "काका, बरं झालं आणलंत. असंच चालू राहिलं असतं तर एखाद्या दिवशी जिन्यातच कोसळल्या असत्या. तुमच्या लक्षात कसं आलं?"

मी सांगितलं, एक्स-रेच्या फिल्मवर दिसलं.

"पण त्यांचा एक्स-रे तर काढलाच नाहीये अजून."

मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ओठ, लाल, थोरली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि विचारलं, "पण काका, त्या समोरच बसल्या होत्या ना?"

हो, म्हटलं, समोरच. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१३ मार्च, शुक्रवार

रक्ताची दुसरी पिशवी चढतेय. मी बघत बसलोय. बाकी काही सुचत नाही.

लेक सकाळी आली. आईला मिठी मारली, मग मला बोळात नेऊन बोलली. खूप बोलली. "बाबा, मी तुम्हाला फोटो मागितले होते! मला एक फोटो पाठवला असता तर मी त्याच दिवशी निघाले असते." आईनेच नको म्हटलं होतं, हे मी सांगितलं नाही. नको म्हणणं तिचं होतं, पण ऐकलं मी ते माझ्या सोयीने.

दुपारी ही झोपली तेव्हा लेकीने डबा उघडून माझ्यापुढे धरला. आम्ही दोघं एकाच डब्यातून जेवलो.

२२ मार्च, रविवार

घरी आली. पलंग खिडकीजवळ आणला. लेक आठवडाभर आहे. बर्फाचे ट्रे रिकामे पडलेत, हिला आता त्यांची आठवणही नाही. फ्रीजमधली माझी जागा मला परत मिळाली, पण डबे ठेवताना जीव लागेना.

मोठ्या बाईंना फोन करून सांगितलं, भिंत होणार नाही, दुसरा माणूस बघा. ही आतून ओरडली, "होणार आहे म्हणावं!" आवाज चांगला खणखणीत होता. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मी एवढं बसले ते कशासाठी? ती फिल्म आता कळली ना तुम्हाला? मग उठा."

"तुला सोडून माडीवर जाणार नाही मी."

"मग माडी खाली आणा."

लेकीने आणि मी मिळून कॅमेरा, खुर्ची, राखी पडदा, सगळं खालच्या खोलीत उतरवलं. शिंपिणीचा नवरा हात लावायला आला. खालची खिडकीसुद्धा उत्तरेचीच आहे. इतकी वर्षं त्या जिन्यावरून लोकांना का चढवत होतो, देव जाणे.

२४ एप्रिल, शुक्रवार

मधल्या दिवसांत लिहिलं नाही, काम केलं. पाचही जण येऊन गेले. पलंगावरून ही हुकूम सोडायची, "त्यांची कॉलर बघा," "बाईंना पाणी विचारा." व्हायोलिनच्या बाईंचं आणि हिचं असं काही जमलं की फोटो झाल्यावरही त्या तासभर हलल्या नाहीत.

आज पाचही फोटो भिंतीवर लागले. मोठ्या बाई बोळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "बघा, एका हातचं दिसतंय! मिळाली ना तुमची जुनी फिल्म?" मी नुसता हसलो.

ही सावकाश, माझा हात धरून चालली. एकेक फोटो बघत आली आणि व्हायोलिनच्या बाईंसमोर थांबली. "ही थोरली नव्हे," हळूच म्हणाली.

"कशावरून?"

"थोरली जरा खोटं बोलायची. माणसाचं चांगलं तेवढंच सांगायची. ही सगळंच सांगते."

"मग काय, नापास?"

"नाही हो. नांदेल ही."

२९ एप्रिल, बुधवार

आज हिचा नवा मूळ फोटो काढला. तिनेच विचारलं, "मला नाही का बसवायचं?" मला खरं तर धीर होत नव्हता.

बिनहातांची खुर्ची, तोच स्वेटर, डावा हात मांडीवर. घड्याळ अजून थोडं सैल आहे, पण मनगटावर टिकतं. कॅमेऱ्यात डोकं घालायच्या आधी मी चांगला उभा राहून तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "काय बघताय? उजेड जाईल."

लाल दिव्याखाली पान पाण्यात सोडलं. कपाळ भरलं, गाल भरले. ओठांची जागा कोरी राहिली. पाणी बदललं, तरी कोरी. मी तिथेच स्टुलावर बसून मोकळेपणाने रडून घेतलं आणि मग तोंड धुऊन बाहेर आलो.

दुपारपर्यंत फोटो वाळला. तिने खिडकीशी नेऊन लांब धरून बघितला. केस सगळे पांढरे, मानेवर सुरकुत्या, गाल अजून पुरते भरलेले नाहीत. ओठ मात्र गडद, मिटलेले, काहीतरी टोचून बोलायच्या बेतात.

"अगंबाई, इतकी म्हातारी दिसते मी?"

"दिसतेस," मी म्हटलं. "फिल्म चांगली आहे."

"जळ्ळं मेलं तुमचं बोलणं!" म्हणाली आणि फोटोनेच माझ्या दंडावर एक फटका दिला. कोपरा दुमडला, तो मी नंतर सरळ केला.

अंधारखोलीच्या दारामागचा जुना फोटो काढून तिथे हा टाचला. जुना तिने मागून घेतला, लेकीला पाठवायचाय म्हणे, त्यात ती बरी दिसते. मी म्हटलं, नको, हाच पाठवू. या वेळी ती नाही म्हणाली नाही.